मुळशीच्या तलावात पाणी किती?

पुण्याहून ताम्हिणी घाटाकडे निघालात की वाटेत मुळशीचा भलामोठा तलाव लागतो. मुळा नदी अडवून केलेला. यात पाणी किती असेल, सांगा पाहू!

आधी सोपं गणित करू. समजा, पोहण्याचा तलाव ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि सगळीकडे २ मीटर खोल आहे. गुणाकार केला की २,५०० घनमीटर. एका घनमीटरात १,००० लीटर पाणी मावतं. म्हणजे झाले २५ लाख लीटर! तळ एकसारखा उतरता असेल, तर उथळ आणि खोल टोकांची सरासरी घ्यायची.

पण मुळशीला ना सरळ कडा, ना सपाट तळ. मग? भाकऱ्यांची चवड डोळ्यांपुढे आणा. इंजिनिअर तलावाचे असेच आडवे थर कल्पितात. प्रत्येक थराचं क्षेत्रफळ गुणिले जाडी, आणि शेवटी सगळ्यांची बेरीज. मुळशीची बेरीज येते सुमारे ५२ कोटी घनमीटर. आपले २ लाखांहून जास्त पोहण्याचे तलाव! हे पाणी खाली कोकणात भिऱ्याला जातं आणि तिथे वीज तयार होते.

एक थर मात्र या बेरजेत दिसत नाही, बरं का. तळाशी भाताची खाचरं आहेत, गावं आहेत. ती वाचवण्यासाठी १९२१ मध्ये इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. त्यांचे पुढारी सेनापती बापट तुरुंगात गेले. तरी धरण झालंच.

तलाव पाहायला गेलात, तर पाण्याची खोली जरूर विचारा. बुडालेल्या गावांची नावंही विचारा.