छोट्या पडद्यावरचे अतिमानव

पन्नाशी ओलांडलेल्या गृहस्थाने कॉमिक्स वाचावीत की नाही, याविषयी आमच्या घरात एकमत नाही. साहित्यप्रेमी मित्रांमध्ये तर हा विषय काढण्याची सोयच नाही. ज्यांच्या कपाटात ज्ञानेश्वरीशेजारी मर्ढेकर उभे आहेत, त्यांच्यापुढे सुपरमॅनचे नाव कोणत्या तोंडाने घ्यावे? तरीही आम्ही चित्रकथांचे जुने, निष्ठावंत आणि काहीसे हट्टी वाचक आहोत. आमच्यासारखे दोघे एकत्र आले की पहिला विषय ठरलेला असतो : आपल्या वीरांचे त्या दूरचित्रवाणीवाल्यांनी काय करून ठेवले आहे! पोशाखाचा रंग चुकला, नाव बदलले, बाप मेला तो वेगळ्याच कारणाने मेला. 'मुळात असे नव्हते' हे आमच्या पंथाचे ब्रीदवाक्य.

हे 'मूळ' म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आम्हा इंदूरकरांचे मूळ म्हणजे इंद्रजाल कॉमिक्स. १९६४ साली टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने ती सुरू केली आणि १९९० मध्ये ती थांबली. खजुरी बाजारातल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून आम्ही ती उपसून काढीत असू. हिंदी अंक सहज मिळत. मराठी अंक मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांबरोबर येत. त्यामुळे ली फॉक यांचा फँटम आमच्या घरात कधी 'वेताल' असे, तर कधी 'वेताळ'. 'ल' आणि 'ळ' यांतले अंतर आम्ही प्रथम त्याच्याकडून शिकलो. अमेरिकेतील मूळ चित्रमालिकेत त्याच्या अरण्यदेशाचे नाव आपल्या बंगालशी घोटाळा व्हावा असे होते, म्हणून आपल्याकडे त्याचे 'डेंकाली' झाले. १९३६ साली न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात जन्मलेला हा मनुष्य आमच्यापर्यंत आला तोच मुळी भाषा, देश आणि नाव बदलून. मग दूरचित्रवाणीने आणखी थोडे बदलले तर आम्ही कोणत्या तोंडाने तक्रार करावी?

शिवाय हा व्यवहार एकतर्फी कधीच नव्हता. जेरी सीगल आणि जो शूस्टर या क्लीव्हलँडच्या दोन तरुणांचा सुपरमॅन १९३८ मध्ये अवतरला, तेव्हा त्याला उडता येत नव्हते. तो लांब उड्या मारी. त्याला निष्प्रभ करणारा क्रिप्टोनाइट हा खडा १९४३ मध्ये प्रथम ऐकू आला तो नभोवाणीवरील मालिकेत. कॉमिक्सच्या पानांवर तो १९४९ मध्ये पोचला. जिमी ऑल्सन हा त्याचा तरुण सहकारीही नावारूपाला आला तो नभोवाणीवरच. ऐकणाऱ्यासाठी नायकाला सतत कोणाशी तरी बोलावे लागते, एवढी साधी गरज त्यामागे होती.

याहून बोलके उदाहरण बॅटमॅनच्या एका खलनायकाचे आहे. १९५९ मध्ये 'मिस्टर झीरो' नावाचा, बर्फाची बंदूक घेऊन हिंडणारा एक किरकोळ चोर कॉमिक्समध्ये येऊन गेला. १९६६ च्या दूरचित्रवाणी मालिकेने त्याचे 'मिस्टर फ्रीझ' असे बारसे केले, आणि हे नवे नाव कॉमिक्सनेही स्वीकारले. पुढे १९९२ च्या अ‍ॅनिमेशन मालिकेत पॉल डिनी या लेखकाने त्याला नोरा नावाची पत्नी दिली. असाध्य आजाराने ग्रासलेल्या नोराला तिच्या शास्त्रज्ञ नवऱ्याने उपाय सापडेपर्यंत गोठवून ठेवले आहे. मालक येऊन तो प्रयोगच उधळून लावतो आणि त्या झटापटीत हा स्वतः कायमचा थंड होतो. उष्णता सहन न होणारा हा माणूस संतापाने मात्र आतून धुमसतो आहे. मुलांसाठी म्हणून काढलेल्या त्या बावीसेक मिनिटांच्या भागाला लेखनाचा एमी पुरस्कार मिळाला, आणि कॉमिक्सने ही कहाणीही निमूटपणे आपलीशी केली. 'मुळात असे नव्हते' हे येथे शंभर टक्के खरे आहे. मुळात तेथे काहीच नव्हते.

तेव्हा बदल केला, ही आमची तक्रार नाही. चित्रकथेचा चित्रकार एका चौकटीत ग्रह फोडतो आणि पुढच्या चौकटीत शिळ्या पोळीचा तुकडा काढतो. दोन्हींना शाई सारखीच लागते. दूरचित्रवाणीच्या निर्मात्याला मात्र ग्रह परवडत नाही, पोळी परवडते. त्यामुळे त्याला पोळी खाणाऱ्या माणसाकडे पाहावे लागते. छोट्या पडद्यावरच्या अतिमानवांचे जे काही भले झाले, ते या दारिद्र्यामुळे झाले, असे आमचे जुने मत आहे.

१९५२ ते १९५८ या काळात अमेरिकेत चाललेल्या सुपरमॅन मालिकेचेच पाहा. पहिली दोन पर्वे कृष्णधवल होती आणि जॉर्ज रीव्ह्ज यांचा तेव्हाचा पोशाख निळा-तांबडा नसून तपकिरी आणि करडा होता, कारण कृष्णधवल चित्रणात तो अधिक उठून दिसे. उड्डाण म्हणजे लपवलेल्या स्प्रिंगच्या फळीवरून खिडकीबाहेर मारलेली उडी. अशा उड्या दर दोन मिनिटांनी दाखवता येत नाहीत, म्हणून बराचसा वेळ रीव्ह्ज हे चष्मेवाला बातमीदार क्लार्क केंट म्हणून वावरत. कॉमिक्समधला क्लार्क भित्रा आणि गबाळा. यांचा क्लार्क शांत, ठाम आणि आपल्या कामात वाकबगार. सुपरमॅन न होताही ज्याचा आधार वाटावा असा तो माणूस आम्हाला प्रथम तेथे दिसला.

ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शनवर लागणारे स्पायडरमॅनचे कार्टून पुष्कळांना आठवत असेल. ते मुळात १९६७ चे. पैसे आणि वेळ वाचावा म्हणून त्याच्या अंगावरचे जाळ्याचे नक्षीकाम मुखवटा, हातमोजे आणि बूट यांपुरतेच ठेवले होते, आणि इमारतींमधून झोके घेण्याची तीच ती दृश्ये पुन्हा पुन्हा फिरवली जात. पंचवीस वेळा पाहिलेला झोका सव्विसाव्यांदा पाहताना आमचे लक्ष झोक्यावर नसे. हा गरीब पीटर पार्कर काढलेली छायाचित्रे विकायला आता संपादकाकडे जाईल आणि तो खडूस मनुष्य त्याला किती शिव्या घालील, याची आम्ही वाट पाहत असू. शक्तिमान (१९९७–२००५) आठवा. गरगर फिरणाऱ्या मुकेश खन्नांपेक्षा पुढे आलेल्या दातांचा तो गंगाधर शास्त्रीच लोकांच्या अधिक लक्षात राहिला आहे. गोव्या-कोकणातल्या आमच्या वाचकांना याचे नवल वाटणार नाही. दशावतारात एका बाकड्याचे सिंहासन होते, आणि कोणी 'हा इंद्राचा दरबार दिसत नाही' म्हणून उठून जात नाही.

१९६६ ते १९६८ ची अ‍ॅडम वेस्ट यांची बॅटमॅन मालिका मात्र आमच्या पंथात वादाचा विषय आहे. ठोसा बसला की पडद्यावर मोठ्या रंगीत अक्षरांत त्याचा आवाज उमटे. भिंत चढण्याचे दृश्य सेट जमिनीवर आडवा टाकून, कॅमेरा कलता करून घेतले जाई. मोठी माणसे हसत, मुले श्वास रोखून पाहत. पुष्कळ जुन्या वाचकांना तो अपमान वाटला. आम्हाला वाटत नाही. वेस्ट यांनी तो पोशाख घालून एकदाही प्रेक्षकाकडे डोळा मिचकावला नाही. इतक्या गंभीरपणे हास्यास्पद होणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे.

पण आमचा खरा जीव जडला तो 'द इनक्रेडिबल हल्क'वर. १९६२ चा मूळ हल्क हा अणुयुगाचा राक्षस, रणगाडे चेंडूसारखे फेकणारा. १९७७ च्या अखेरीस केनेथ जॉन्सन यांनी तो दूरचित्रवाणीवर आणला तेव्हा रणगाडे परवडणार नव्हतेच. त्यांनी नायकाचे ब्रूस हे नाव बदलून डेव्हिड केले. खलनायकांची फौज रद्द केली. त्यांचा डॉ. बॅनर हा विधुर आहे. अपघातात गाडी उलटून जळत असताना पत्नीला बाहेर काढण्याची ताकद त्याच्या हातांत नव्हती. इतर सामान्य माणसांना संकटात ती कोठून येते, याचा तो शोध घेतो आणि त्या शोधातच बिघडतो. जग त्याला मृत समजते. प्रत्येक भागात नवे गाव, नवे आडनाव, नवी हलकीसलकी नोकरी. पाठीवर लागलेला एक बातमीदार त्याला स्वस्थ बसू देत नाही. त्याची कल्पना व्हिक्टर ह्यूगोच्या 'ले मिझराब्ल'मधल्या पोलीस अधिकाऱ्यावरून सुचल्याचे जॉन्सन यांनीच सांगितले आहे.

हिरवा राक्षस एका भागात बहुधा दोनदाच येई. रंग फासलेले शरीरसौष्ठवपटू लू फेरिग्नो, अंगावर फाटका शर्ट. (शर्ट फाटतो आणि विजार टिकते, हे कोडे सोडवणारा शिंपी आम्हाला अद्याप भेटलेला नाही.) तो बोलत नसे. उरलेला सगळा वेळ बिल बिक्सबी यांच्या दमलेल्या, सभ्य चेहऱ्याचा. राग येऊ नये म्हणून आयुष्यभर जपून वागणारा माणूस आम्ही कॉमिक्सच्या शेकडो पानांवर पाहिला होता. त्याची भीती मात्र आम्हाला तेथेच प्रथम जाणवली. कारण राग ही आमच्याही घरातली वस्तू होती, आणि ती आल्यावर काय फुटते हे आम्ही लहानपणी पाहिले होते. भागाच्या अखेरीस एकाकी पियानो वाजे आणि खांद्यावर पिशवी टाकून तो रस्त्याच्या कडेने चालू लागे. पाच वर्षे तो असाच चालत राहिला.

२००१ पासून दहा पर्वे चाललेल्या 'स्मॉलव्हिल'ने तर तरुण क्लार्कला ना पोशाख, ना उड्डाण, असा नियमच करून टाकला होता. २०१५ च्या 'डेअरडेव्हिल'च्या दुसऱ्या भागात एका अरुंद बोळकांडीत मारामारी होते; नायक भिंतीला टेकून धापा टाकतो, पुन्हा उठतो आणि शेवटी एका लहान मुलाला उचलून बाहेर नेतो. आता मात्र पैसा आला आहे. २०२१ पासून मार्व्हलच्या मालिकांमध्ये ग्रहही फुटतात. २०२२ च्या 'शी-हल्क'मधील हिरवी नायिका संगणकाने घडवलेली. ती हवी तेव्हा आणि हवी तितका वेळ दिसू शकते. ती विनोदी मालिका आहे हे मान्य. तरी पाहताना आम्हाला बिक्सबींच्या पिशवीची आठवण येत राहिली.

आणि मुखवट्यामागच्या माणसाविषयी बोलायचे, तर तो मुखवटा रचणाऱ्या माणसाविषयीही बोलले पाहिजे. सीगल आणि शूस्टर यांनी सुपरमॅनचे हक्क विकले ते १३० डॉलरना. जॉर्ज रीव्ह्ज घराघरांत पोचले त्या वर्षांत मासिकांवरून या दोघांची नावे उतरवलेली होती. १९७५ मध्ये, मोठ्या चित्रपटाची तयारी चालू असताना बोभाटा झाला, तेव्हा कोठे त्यांना वार्षिक मानधन आणि नावे परत मिळाली. शूस्टर यांची दृष्टी तोवर जवळजवळ गेली होती.

बॅटमॅनचे प्रकरण याहून अवघड. १९३९ पासून त्याचा जनक म्हणून एकच नाव छापले जाई, बॉब केन. केन यांनी प्रथम काढलेला बॅटमॅन तांबड्या अंगरख्याचा, ताठ पंखांचा होता. वटवाघळाच्या कानांची टोपी, झुळझुळता झगा, करडा रंग, ब्रूस वेन हे नाव, गॉथम हे शहर आणि पहिली कथाही बिल फिंगर यांची. केन यांच्या करारात फिंगर नव्हते, म्हणून श्रेयातही नव्हते. १९७४ मध्ये ते वारले.

१९६६ च्या त्याच वादग्रस्त मालिकेत मात्र 'क्लॉक किंग' या घड्याळवेड्या चोराची दोन भागांची एक कथा आहे. तिचे लेखक चार्ल्स सिंक्लेअर आणि बिल फिंगर. पहिल्या भागाच्या अखेरीस बॅटमॅन आणि रॉबिन एका अवाढव्य वाळूच्या घड्याळात कोंडलेले असतात आणि वरून वाळू गळत असते. फिंगर यांच्या हयातीत त्यांचे नाव बॅटमॅनबरोबर पडद्यावर आले ते तेवढ्यापुरते, एका कथेचे सहलेखक म्हणून. चाहत्यांनी आणि त्यांच्या नातीने पुढे दीर्घकाळ पाठपुरावा केला. २०१५ मध्ये 'गॉथम' या मालिकेच्या दुसऱ्या पर्वात बॅटमॅनच्या निर्मितीच्या श्रेयात केन यांच्यासोबत फिंगर यांचे नाव आले. तेही छोट्याच पडद्यावर.

हल्ली मालिका संपता संपता श्रेयनामावली कोपऱ्यात आक्रसते आणि काही क्षणांत पुढचा भाग सुरू होतो. ती थांबवायचे एक बटण असते. ते शोधायला आम्हाला थोडा वेळ लागतो. आता सवय होत आली आहे.