परीक्षकाची परीक्षा

वर्षातून दोनदा माझ्या टेबलावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येऊन पडतात आणि मी न्यायाधीश होतो. माझ्यासारख्याने जुना व्हॉल्व्हचा ऑसिलेटर दुरुस्त होताना अवश्य पाहावा. ऑसिलेटर हाही परीक्षकच. तो एक शुद्ध, गोलाईदार लहर अॅम्प्लिफायरमध्ये सोडतो. पलीकडे ती वेडीवाकडी निघाली, की अॅम्प्लिफायर नापास!

पण आमच्या शेजाऱ्यांची हयात रेडिओ-दुरुस्तीत गेली आहे. ते आधी ऑसिलेटरचीच लहर ऑसिलोस्कोपवर पाहतात. परवा तिचा माथा चपटा निघाला. दोन व्हॉल्व्हांमधला कागदी कपॅसिटर म्हातारा झाला होता. पहिल्याच्या प्लेटवरचे व्होल्टेज अडवायचे सोडून तो ते पुढच्याच्या ग्रिडवर झिरपू देत होता. कपॅसिटर बदलला, लहर गोल झाली आणि बिचारा अॅम्प्लिफायर निर्दोष सुटला.

विल्यम ह्युलेट आणि डेव्हिड पॅकार्ड यांनी १९३९ साली विकायला काढलेल्या ऑसिलेटरात एक साधा, छोटासा दिवा होता. लहर फुगू लागली, की दिव्याची तार तापते, विजेला तिचा विरोध वाढतो आणि लहर आपोआप आवरली जाते. स्वतःचा तोल सांभाळण्याची केवढी सोपी युक्ती!

आम्हा परीक्षकांच्या डोक्यात असा दिवा कोणी बसवलेला नाही. पन्नासाव्या पेपराला डोके आमचे तापते. गुण मात्र मुलांचे घटतात. म्हणून दर वीस पेपरांनंतर मी पहिला पेपर पुन्हा तपासतो. गुण तेवढेच पडले, तरच एकविसावा उघडतो.