घर कुणाचेही असो, हात आपलाच असतो

आम्ही म्हणजे नवरा-बायको दोघे. एकाच्या हातात थापी आणि दुसरीच्या डोक्यावर घमेले, असा आमचा संसार तीस वर्षे चालला. लिहिण्याची आम्हाला सवय नाही. पण गेल्या उन्हाळ्यात गावी आमच्या स्वतःच्या दोन खोल्यांवर स्लॅब पडला. त्या निमित्ताने घरात जे बोलणे झाले, ते कष्टकऱ्यांच्या घराघरांतून व्हावे असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे गाव उमरगा भागातले. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आम्ही विसरू शकत नाही. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन झाले होते आणि गाव दमून झोपले होते. आमच्या लग्नाला तेव्हा एक वर्षही झाले नव्हते. वस्तीत आमची झोपडी, तुराट्यांचा कूड, वरून शेणमातीचा लेप आणि डोक्यावर पत्रा. चारच्या सुमारास जमीन हादरली. कूड हलला, लेपाचे पोपडे पडले, उतरंड फुटली; पण झोपडी उभी राहिली. बाहेर येऊन पाहतो तर गावावर नुसता धुरळा. ज्या वाड्यांच्या ओसरीवर आमच्या आईवडिलांना कधी चढू दिले नाही, ते वाडे दगडांचे ढीग झाले होते. उजाडेपर्यंत आम्ही हातांनी दगड उपसत होतो. काही जिवंत निघाले, पुष्कळ निघाले नाहीत. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून जवळपास १० हजार माणसे गेली.

गरिबाचा कूड टिकला आणि दोन-अडीच हात जाडीची भिंत का पडली? याचे उत्तर आम्हाला पुढे पुनर्वसनाच्या कामावर मिळाले. तिथे गवंड्यांना नव्या पद्धतीचे काम शिकवीत. एका तरुण इंजिनियरने पडकी भिंत दाखवून समजावले. भिंत दिसायला जाड, पण आतून दोन वेगळ्या भिंती. बाहेरचा दगड वेगळा, आतला वेगळा आणि मध्ये चिपा व माती. दोघांना बांधून ठेवणारा आरपार दगड कुठेच नाही. वर माळवदाचा, म्हणजे मातीच्या धाब्याचा, हातभर थर. जमीन हलली तशा दोन्ही बाजू फाकल्या आणि ते ओझे झोपलेल्या माणसांवर आले. भूकंपाने माणसे मारली असे आपण म्हणतो. खरे म्हणजे माणसे भिंतीखाली आणि माळवदाखाली मेली.

त्या कामावर आम्ही आरपार दगड घालायला शिकलो. दारे-खिडक्यांच्या वर चारी भिंतींना बांधणारा काँक्रीटचा पट्टा भरायला शिकलो. उभ्या असलेल्या जुन्या भिंतीला आरपार भोक पाडून, त्यात वाकवलेली सळई घालून काँक्रीट कसे भरायचे तेही शिकलो. बांधकाम म्हणजे नुसती मजुरी नाही, त्यात कुणाचा तरी जीव असतो, हे तिथे मनात पक्के बसले.

पण पोट भरायला शहरात आलो आणि शिकलेले विसरलो. हे कबूल करायला आम्हाला लाज वाटते, तरी सांगतो. पुण्यात नाक्यावर सकाळी उभे राहायचे, जो नेईल त्याच्या साइटवर जायचे. स्लॅबच्या दिवशी मुकादम ओरडायचा, ‘ए, माल घट्ट झाला, पाणी टाक!’ आणि आम्ही टाकायचो. पातळ माल घमेल्यातून सरसर ओतता येतो, हात दुखत नाहीत, काम लवकर उरकते. ५० किलोच्या एका सिमेंटच्या गोणीला साधारण २५ ते ३० लिटर पाणी पुरते. म्हणजे पंधरा लिटरच्या जेमतेम दोन बादल्या. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. आम्ही तीन-तीन, चार-चार बादल्या ओतलेल्या आहेत.

जास्तीचे पाणी उडून जाते आणि काँक्रीटमध्ये बारीक बारीक छिद्रे ठेवून जाते. त्यातून ओल सळईपर्यंत पोचते. सळई गंजते, गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. आपल्या चाळीत, वस्तीत छताचे पोपडे पडून सळया उघड्या झालेल्या कुणी पाहिल्या नाहीत? खाली पाळण्यात लेकरू झोपलेले असते. ते पाणी कुणी ओतले? आमच्यासारख्याच कुणाच्या तरी हाताने.

ज्या साइटवर मालात लबाडी असते, तिथे माणसाच्या जिवाचीही पर्वा नसते, हा आमचा अनुभव आहे. २००४ साली आमच्याबरोबर नांदेडकडचा एक गवंडी होता. तिसऱ्या मजल्यावर बाहेरून गिलावा चालू होता. परांचीची फळी बांधलेलीच नव्हती, नुसती ठेवलेली. कठडा नाही, पट्टा नाही. फळी कलली आणि तो खाली आला. जीव वाचला, पण कंबर कायमची गेली. ठेकेदाराने दवाखान्याचे काही पैसे दिले आणि गावी पाठवून दिले. कुठल्याही वहीत त्याचे नाव नव्हते, त्यामुळे मागायचे तरी कुणाकडे? फळी बांधायला काथ्याचे दोन वेढे लागले असते आणि पाच मिनिटे. त्या फळीवर आदल्या दिवशी आम्हीही चढलो होतो. ती हलते हे आम्हाला माहीत होते. आम्ही बोललो नाही, कारण रोज बुडाला असता.

नंतरच्या वर्षांत अशा बातम्या आल्या की आमच्या पोटात कालवायचे. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ शीळ येथे बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळली. घाईघाईने मजल्यावर मजले चढवले होते. वर काम चालू आणि खाली माणसे राहायला आलेली. ७४ जण गेले. २९ जून २०१९ रोजी मध्यरात्रीनंतर पुण्यात कोंढव्याला पावसात एका सोसायटीची भिंत शेजारच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली. १५ जण गेले, त्यांत लहान लेकरेही होती. दुसऱ्यांची घरे बांधायला आलेली ती माणसे भिंतीखाली झोपली होती.

आता गेल्या उन्हाळ्याची गोष्ट. आयुष्याची कमाई घालून गावी दोन खोल्या काढल्या. पायाला जुन्या पडक्या घराचेच दगड वापरले. सिमेंट राखमिश्रित घेतले. त्यात वीज केंद्रांतली कोळशाची राख १५ ते ३५ टक्क्यांपर्यंत असते, तेवढा चुनखडीचा दगड भाजायचा वाचतो. जगात माणसामुळे हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ७ ते ८ टक्के सिमेंटच्या उत्पादनातून जातो, असे जाणकार सांगतात. दुष्काळ आणि अवेळी पाऊस सोसणाऱ्या मराठवाड्याच्या माणसाने याचा विचार करायला हवा.

स्लॅबच्या दिवशी भावकीतली पोरे मदतीला आली. एकाने सवयीने मिक्सरमध्ये तिसरी बादली उचलली. आमच्यातल्या बाईमाणसाने पुढे होऊन ती त्याच्या हातातून हिसकावली. पोरगा म्हणाला, ‘काकू, सगळीकडं असंच करत्यात.’ ती म्हणाली, ‘ठाऊक हाय बाबा. आम्हीच केलंय.’ त्यावर कुणी बोलले नाही.

खरा वाद सहाव्या दिवशी झाला. सेंट्रिंगवाल्याला प्लेटा दुसऱ्या कामावर न्यायच्या होत्या. तो म्हणाला, स्लॅब दगडासारखा झाला आहे, टेकू काढू द्या, नाहीतर भाडे वाढेल. आमचा मुलगा त्याच्याच बाजूने बोलू लागला. ‘बाबा, पैसे संपलेत. गाडीचा हप्ता राहिलाय. चार दिवसांनी काय फरक पडतो?’ आम्ही त्याला समजावले. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमचे १४ दिवस काढायचे नसतात. राखेचे सिमेंट तर सावकाश ताकद धरते. तरी तो ऐकेना. मग त्याला नांदेडच्या त्या गवंड्याची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. फळी हलते हे माहीत असून आम्ही गप्प बसलो होतो, हेही सांगितले. मुलगा बराच वेळ गप्प राहिला. मग उठून सेंट्रिंगवाल्याला म्हणाला, ‘चौदा दिवसांनी या. भाड्याचं मी बघतो.’ त्या महिन्याचा हप्ता थकला, दंड भरावा लागला. आमचे घर मात्र नीट झाले.

पाण्याचाही प्रश्न होताच. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. आमच्या भागाला पाण्याची किंमत सांगावी लागत नाही. पण स्लॅबला पाणी मारायचे थांबवले तर तो कच्चा राहतो. आम्ही स्लॅबवर गोणपाट अंथरले आणि ते सकाळ-संध्याकाळ ओले ठेवले. थोड्या पाण्यात १४ दिवस भागले. जे घर ५०-६० वर्षे टिकते, त्यासाठी नदीची वाळू एकदाच उपसावी लागते. जे वीस वर्षांत पाडावे लागते, त्यासाठी दोनदा, तीनदा. मजबूत बांधणे ही नदीवरही दया आहे.

बंधू-भगिनींनो, आपल्यातले कितीतरी जण आजही नाक्यावर उभे असतात. आमचे सांगणे एवढेच आहे. परांचीवर चढण्यापूर्वी फळी हाताने हलवून पाहा. उंचावर पट्टा मागा, आणि तो पायाशी नव्हे, डोक्याच्या वर पक्क्या जागी अडकवा. सिमेंट उघड्या हाताने कालवू नका, त्वचा खाते. फरशी कापताना पाणी सोडा, धूळ छातीत बसते. एकटा बोलला तर दुसऱ्या दिवशी त्याला काम मिळत नाही, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून चार जणांनी मिळून बोला.

आणि नावनोंदणी करा. १९९६ सालच्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर बसवला, तो मजुरांच्या कल्याणासाठीच. आपल्या राज्यात २०११ साली त्यासाठी मंडळ झाले. वय १८ ते ६० मध्ये असेल आणि वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला असेल, तर नाव नोंदवता येते. बाईनेही स्वतःच्या नावाने नोंद करावी. घमेले वाहणारी ही गवंड्याची नुसती बायको नव्हे, तीही कामगार आहे. त्या नांदेडच्या गवंड्याचे नाव कुठल्याच वहीत नव्हते. तुमचे असू द्या.

उद्या कुणी मुकादम तुम्हाला ‘पाणी टाक’ म्हणेल. त्या वेळी एवढेच आठवा की या छताखाली कुणाचे तरी लेकरू झोपणार आहे.