आत जाण्याचं पत्र

सॅन फ्रान्सिस्को, जानेवारी

ती. आबामामास,


परवा फोनवर तू विचारलंस, "लाटेर उभो ऱ्हवान तुका काय गावता रे?" मागे मामी हसली. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. पण मामा, इथे ओशन बीचवर सर्फिंग करताना मी लाटेवर उभा असतो जेमतेम अर्धा मिनिट. बाकीचा सगळा वेळ आत जाण्यात जातो, आणि बरेचदा तेही जमत नाही.

शहराच्या पश्चिमेला हा साडेपाच किलोमीटरचा सरळसोट किनारा. मालवणच्या बंदराला सिंधुदुर्गाची पाठ आहे, तसा इथे कसलाच आडोसा नाही. लाट फुटते ती निव्वळ वाळूवर. खडकावर फुटणाऱ्या लाटेच्या बाजूला खोल पाण्याची एखादी वाट असते, तिथून गपचूप आत शिरता येतं. इथे वाळूच जागेवर राहत नाही, मग वाट कुठली राहणार! १८७८ साली या किनाऱ्यावर 'किंग फिलिप' नावाचं शिडाचं जहाज रुतलं. एखाद्या हिवाळ्यात वाळू ओढली गेली की त्याच्या बरगड्या वर दिसतात आणि पुन्हा गडप होतात.

आपल्या कर्ली नदीच्या तोंडाशी वाळू साचते ना, तेच इथे अवाढव्य प्रमाणावर होतं. गोल्डन गेटच्या चिंचोळ्या तोंडातून ओहोटीला अख्ख्या खाडीचं पाणी बाहेर धावतं आणि सोबतची वाळू समुद्रात अर्धचंद्रासारखी टाकून देतं. अलास्काकडच्या वादळांतून निघालेली लाट त्या उथळ भागावर वळते आणि तिचा जोर किनाऱ्याच्या एकेका तुकड्यावर गोळा होतो. आमच्यात लाटेच्या उंचीइतकीच दोन लाटांमधल्या सेकंदांची चौकशी होते. आठ सेकंद म्हणजे जवळच्या वाऱ्याची खळखळ. सतरा सेकंद म्हणजे लांबून आलेली. तिला दोनशे मीटर खोलीवरच तळ लागायला लागतो. उंची तीच दिसते, पण अंगावर येते तेव्हा कळतं.

आणि गारठा. आपल्याकडचं पाणी २६ अंशांखाली क्वचितच जातं; इथे ते १० ते १५ अंशांत. गंमत म्हणजे सगळ्यात गार हिवाळ्यात नसतं, एप्रिल-मेमध्ये असतं. तेव्हा वायव्येचा वारा सुटतो, पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर सरकतं आणि खालचं थंडगार पाणी वर येतं. पावसाळ्यात केरळच्या किनाऱ्यावर असंच पाणी वर येतं, त्यावर तारली पोसते. इथले जुने लोक लोकरीचे स्वेटर घालून पाण्यात उतरायचे म्हणे. जॅक ओ'नील या माणसाने १९५२ साली याच किनाऱ्यासमोर दुकान टाकलं आणि रबराचे वेटसूट शिवून विकायला लागला. मीही तसलाच सूट घालतो, चार मिलिमीटर जाड, वर टोपी, पायात बूट. तो कोरडं ठेवत नाही. आत शिरलेलं पातळसं पाणी अंगाच्या उबेने गरम होतं, एवढंच.

गेल्या रविवारी नोरिएगा रस्त्यासमोरून शिरलो. फेसाची भिंत आली की फळीचं नाक दाबून तिच्याखालून बुडी मारायची, वर यायचं, हात मारायचे, तोवर पुढची येते. पहिल्याच बुडीत कपाळ ठणकलं, घाईघाईने बर्फाचा गोळा खाल्ल्यावर ठणकतं तसं. एकवीस बुड्या मोजल्या, मग मोजणं सोडलं. खांद्यात जीव उरला नाही, तेव्हा लाटेनेच उचलून वाळूवर आणून टाकलं. इथल्या रस्त्यांची नावं इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने आहेत. मान वर केली तर समोर 'क्यू'चा किंटारा. तीन रस्ते वाहत गेलो होतो, आणि एकदाही फळीवर उभा राहिलो नव्हतो.

गाडीपाशी आलो तर किल्ली फिरवायला बोटं वळेनात. शेजारी एक साठीतला माणूस कॉफी पीत उभा होता. मी आलो तेव्हाही तो तिथेच होता. किल्ली हातातून घेऊन त्याने दार उघडून दिलं आणि म्हणाला, "तू बघितलंसच नाहीस, सरळ घुसलास." मग कप ठेवून फळी काखेत मारून गेला. मी काचेतून बघत राहिलो. गुडघाभर पाण्यात तो बराच वेळ नुसता उभा राहिला. मग शांतपणे निघाला, पाच-सहा बुड्या मारल्या असतील, आणि पलीकडे पोचलासुद्धा.

तेव्हा तू आठवलास. देवबागला नारळी पौर्णिमेनंतरची रापण, समुद्र अजून पुरता शांत झालेला नाही, होडीला सगळ्यांचे हात लागलेले. तू काठाला धरून उभा, "थांब... थांब रे..." आणि एकदम "आता!" की होडी लाटांमधून अशी निघायची की जाळं भिजायचं नाही. मी दहा वर्षांचा असेन. तू लाटा मोजतोस असं समजून मीही मोजायचो. कधी पाचवीनंतर ओरडायचास, कधी अकरावीनंतर. हिशेब कधी जुळला नाही.

आता वाटतं, तू जवळच्या लाटांकडे बघतच नव्हतास. मान थोडी वर असायची, डोळे बारीक, फार लांब कुठेतरी. तिथे काय दिसायचं रे? फोनवर नको, मामी मध्ये बोलते. शांतपणे आठवून कळव. शनिवारी पुन्हा सतरा सेकंदांच्या लाटा येणार आहेत.

तुझा भाचा