जाणून घ्यावे की नाही?

बहुतेक अर्धशिशींचा मी सांगतो आहे त्या आजाराशी संबंध नसतो. तेव्हा वाचकहो, घाबरू नये. आमच्या घरी मात्र आईची अर्धशिशी आणि थोरल्या भावाला सत्तेचाळिसाव्या वर्षी आलेला पक्षाघात यांचे नाते आधी एमआरआयने आणि मग जनुकीय चाचणीने उघड केले. आजाराचे नाव कॅडासिल.

नॉच३ या जनुकातील दोषामुळे मेंदूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींत एक प्रथिन साचत जाते, तेथील स्नायुपेशी झिजतात आणि रक्तपुरवठा आटतो. हे कोडे पॅरिसच्या संशोधकांनी १९९६ साली उलगडले, तेही अशाच कुटुंबांनी दिलेल्या रक्तनमुन्यांच्या बळावर. रोग रोखणारे औषध अद्याप नाही. डोनेपेझिल या औषधाची १६८ रुग्णांवर चाचणी झाली; २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मुख्य मोजमापावर फरक आढळला नाही. माझ्या मते असे नकारात्मक उत्तरही रुग्णांनी दिलेले दानच होय.

बाधिताच्या प्रत्येक अपत्याला हा दोष मिळण्याची शक्यता ५० टक्के. म्हणजे मलाही. समुपदेशकांशी तीनदा बोलूनही मी चाचणी केलेली नाही. न जाणण्याचाही हक्क असतो, आणि आपण तो कोणाकडून हिरावून घेऊ नये. रक्तदाब आटोक्यात ठेवणे व तंबाखू वर्ज्य करणे यांसाठी अहवालाची वाट पाहावी लागत नाही. ते मी करतोच.

पुतणीने मात्र विवाहापूर्वी जाणून घ्यायचे ठरवले. तिचा अहवाल पुढील महिन्यात येईल. तो घ्यायला सोबत मी जाणार आहे.