सही कुणाची?

वालचंदनगरच्या माणसाला यंत्राची भीती घालून काही उपयोग नाही. आमची पिढी कारखान्याच्या भोंग्यावर जेवायला बसली. शेठ वालचंद हिराचंदांनी माळरानावर साखर कारखाना उभारला आणि पुढे त्याच गावात इस्रोच्या रॉकेटचे भाग बनू लागले. यंत्र आलं की ते चालवणारा, दुरुस्त करणारा आणि बिघडलं की शिव्या खाणारा अशी तीन माणसं लागतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक!

म्हणूनच "एआय डॉक्टरांना घरी बसवणार" वगैरे वाचलं की मला आमच्या घरातल्या दोघांचं म्हणणं जास्त पटतं. वहिनी इंदापूर तालुक्यात आरोग्यसेविका आहे आणि मावसभाऊ एक्स-रे टेक्निशियन.

आता एक्स-रेचंच घ्या. छातीचा फोटो वाचून क्षयाचा संशय सांगणारं सॉफ्टवेअर आता काही परदेशातली नवलाई राहिलेली नाही. २०१६ साली मुंबईत सुरू झालेली क्युअर डॉट एआय ही कंपनी तेच काम करते. १५ वर्षं आणि त्यापुढच्या लोकांच्या क्षयतपासणीत डॉक्टरच्या जागी असं सॉफ्टवेअर वापरता येईल, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये केली. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारची शंभर दिवसांची क्षयरोग मोहीम सुरू झाली. तिच्यात तर हातात धरून नेता येतील अशी एक्स-रे यंत्रं एआयसकट गावोगाव फिरली.

मावसभावाला ह्याचा आनंदच आहे. "दादा, रिपोर्टसाठी पेशंट ताटकळत बसतो. मशीननं संशयित आधी बाजूला काढले तर वाईट काय?" पण लगेच पुढे म्हणतो, "फक्त चुकलं तर सही कुणाची, ते आधी ठरवा."

वहिनीचं दुखणं वेगळं. हंगामात बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. "डाग दिसला हे मशीन सांगेल हो भावजी. पण थुंकीचा नमुना कोण घेणार? सहा महिने गोळ्यांच्या मागे कोण लागणार? टोळी फडावरून उठून गेली की त्या बाईला शोधणार कोण?"

म्हणजे बघा, नोकरी जाईल अशी भीती दोघांनाही नाही. काम वाढेल आणि दोष मात्र आपल्या माथी येईल, ही धास्ती आहे. आणि ती मला अगदी रास्त वाटते. यंत्रानं जास्त संशयित शोधले आणि सेविका मात्र तेवढ्याच राहिल्या, तर नुसती यादी लांबेल. त्यानं पेशंट थोडाच बरा होणार?

आणखी एक गोष्ट आहे, नजरेची. २०२५ मध्ये पोलंडमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या डॉक्टरांना आतड्याच्या दुर्बीण तपासणीत एआयची सोबत मिळू लागली. त्यानंतर एआयशिवाय केलेल्या तपासण्यांमध्ये, पुढे कर्करोग होऊ शकेल अशा गाठी सापडण्याचं प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर आलं. एका अभ्यासावरून निकाल देऊ नये, मान्य. पण कॅल्क्युलेटर आल्यावर आपले पाढे कुठे गेले, हे आठवून बघा!

असो. यंत्र येऊ दे, जरूर येऊ दे. फक्त त्याच्या खरेदीच्या कागदावर सही होईल, त्याच दिवशी आणखी एका सेविकेच्या नेमणुकीच्या कागदावरही व्हावी. तुमच्या घरात कुणी नर्स किंवा टेक्निशियन असेल, तर त्यांनाही विचारून बघा.