तिसरा माणूस

बर्फात ट्रेनचा फोटो काढायचा असेल तर कॅमेऱ्यावर फार विश्वास ठेवायचा नाही. त्याला सगळं जग मध्यम करडं वाटतं, म्हणून पांढराशुभ्र बर्फ तो ओल्या सिमेंटसारखा करून ठेवतो. एक्स्पोजर मुद्दाम एक-दीड स्टॉप वाढवावं लागतं. ऑटोफोकस गाडी सोडून समोरच्या भुरभुरीवर जातो, त्यामुळे फोकस हाताने करायचा. शटर १/५०० ठेवलं तर कण हवेत थांबतात, १/६० ला त्यांच्या रेघा होतात. जास्तीची बॅटरी आतल्या खिशात ठेवायची, कारण थंडीत ती झपाट्याने उतरते. आणि घरात शिरण्याआधी कॅमेरा पिशवीत घट्ट बंद करायचा, नाहीतर उबेत लेन्सवर दव धरतं.

शिकागोत नोकरीला आल्यावर तिसऱ्या हिवाळ्यात मी हे शिकलो. वादळाचा इशारा आला की लोक दूध-ब्रेड आणायला धावतात, मी बॅटऱ्या चार्जिंगला लावतो.

इथल्या ग्रँट पार्कमध्ये रूळ खालून जातात, वर रस्त्याचे पूल. ही लोकलची लाइन १९२६ साली १५०० व्होल्ट डीसीवर चालू झाली. आपली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटीहून कुर्ल्याला गेली, तीही १५०० वरच. मुंबईने नंतर २५,००० व्होल्ट एसी घेतलं, ही अजून तिथेच आहे. तारेवर बर्फ धरला की पेंटोग्राफखाली निळी ठिणगी उडते आणि पडणारा सगळा बर्फ क्षणभर उजळतो. त्या एका क्षणासाठी मी दोन-दोन तास उभा राहिलोय.

गेल्या मोठ्या वादळात मात्र मी वेस्टर्न अव्हेन्यू स्टेशनला गेलो. तिथे जवळच दोन मार्ग एकमेकांना छेदतात आणि सांध्यांना गॅसच्या ज्योतींनी ऊब देतात. २०१९ च्या जानेवारीत पारा उणे ३० च्या आसपास गेला तेव्हा ‘पेटलेल्या रुळांचे’ फोटो जगभर फिरले, ते अशाच जागांचे. रूळ पेटत नाहीत, शेजारचे बर्नर पेटतात. सांध्याच्या फटीत बर्फ दाबला गेला तर पट्टी पूर्ण सरकत नाही, मग सिग्नल मिळत नाही आणि मागच्या सगळ्या गाड्या अडकतात. एवढं करूनही काही बर्फ माणसांनाच झाडूने काढावा लागतो.

मिळालेला फोटो चांगला होता. डबल डेकर गाडीचा पिवळा दिवा, खाली ज्वाळा, कडेला वाकलेली दोन माणसं. घरच्या ग्रुपवर टाकला. इथे रात्र, तिकडे सकाळ. पाच मिनिटांत बाबांचा फोन.

“तिसरा कुठाय?”

“कोण तिसरा?”

“दोघं खाली मान घालून काम करतायत. गाडी आली हे त्यांना कोण सांगणार? बर्फात आवाज येतो का गाडीचा?”

येत नाही. ताजा बर्फ आवाज गिळून टाकतो. मी मूळ फाइल उघडली. डाव्या कडेला, कापलेल्या भागात, नारिंगी जॅकेटमधला एक जण त्या दोघांकडे पाठ करून गाडीकडे बघत उभा होता. तो फोटो पाठवला.

बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “घाटात पावसाळ्यात असंच. धबधब्यांपुढे गाडी ऐकू यायची नाही. पुष्कळदा तिसरा मीच असायचो.”

बाबा कसारा घाटात गँगमन होते. आमच्या घरात रेल्वे म्हणजे क्वार्टर, पास आणि दाराशी चिखलाचे बूट. ड्यूटीवर काय होतं हे ते बोलत नसत आणि आम्ही विचारत नसू. मला इंजिनिअरिंगला घातलं ते डोक्यावर छप्पर असलेलं काम मिळावं म्हणून. परदेशात आल्यापासून आमचं बोलणं “जेवलास का” आणि “थंडी किती” यावरच संपायचं. त्या रात्री ते चाळीस मिनिटं बोलले. शिट्टी किती लांबून मारायची, कोण कुठल्या बाजूला उडी मारणार हे कामाआधीच कसं ठरवायचं, आणि एका रात्री शिट्टी मारूनही एक जण जागचा हलेना तेव्हा त्याला कसं ओढलं.

पुढच्या वादळासाठी त्यांची मागणी आधीच आली आहे. “गाडी राहू दे. त्यांच्या पायात बूट कसले आहेत ते नीट दिसू दे.”